घरच्या पदांचें घरगुती ध्वनिमुद्रण

ज्या घरांत लग्न ठरतें त्या घरांत मुहूर्ताच्या आधीं आठवडाभर एक प्रश्न हमखास निघतो, तो मंगलाष्टकें कोण करणार हा. बाजारांत छापील मंगलाष्टकें मिळतात, आणि आतां तर ध्वनिक्षेपकावर लावण्यासाठीं आयतीं गाइलेलींही मिळतात. तरी वधूवरांचीं, त्यांच्या आईबापांचीं व कुलदैवतांचीं नांवें शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांत नीट बसवणारा एखादा काका, मामा किंवा एखादी आत्या अजून पुष्कळ घरांतून असते. बारशाचा पाळणा, डोहाळजेवणाचीं पदें, मंगळागौरीचीं गाणीं, कोणाच्या षष्ट्यब्दीला केलेलें एखादें कौतुकाचें कवन, हें सारें वाङ्मय असेंच घरांत जन्मतें, एकदां म्हटलें जातें, आणि मांडव उतरला कीं कागद कोठें गेला हें कोणास आठवत नाहीं. जें वांचतें तें वहींत वांचतें. परंतु वहींत शब्द वांचतात. चाल वांचत नाहीं.

आमच्या घरीं आमच्या एका आत्याबाईंची वही आहे. अक्षर मोत्यासारखें, पदें चाळीसांच्या घरांत, आणि प्रत्येक पदाच्या माथ्यावर ‘चाल’ हा शब्द लिहून पुढें खूण केलेली. सन १८८० मध्यें अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलें, तेव्हांपासून नाटकांच्या छापील पुस्तकांतून पदाच्या माथ्यावर अशी चाल देण्याची रीति लोकांच्या अंगवळणीं पडली. आत्याबाईंनीं ती तेथूनच उचलली असावी. त्यांतील पांचसहा चाली नाटकांतल्या आहेत, त्या आम्हांला ओळखतां येतात. बाकीच्या ठिकाणीं काय लिहिलें आहे? ‘चाल : माहेरची’, ‘चाल : थोरल्या काकूंची’, ‘चाल : तीच’. थोरल्या काकूंना जाऊन साठ वर्षें झालीं आणि आत्याबाईंना तीस. शब्द डोळ्यांपुढें आहेत, वृत्त मोजून पाहतां येतें, मात्रा जुळतात. पण गाणें म्हणून त्या पदांना आतां वाचा राहिलेली नाहीं.

यावर स्वरलेखन हा उपाय आहे, असें कोणी म्हणेल. तो उपाय थोर खराच. पंडित भातखंड्यांनीं (१८६०–१९३६) क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत जुन्या चिजा लिहून ठेवल्या, आणि विष्णु दिगंबरांनीं आपली वेगळी लिपि चालविली. पण ती लिपि लिहिणारा आणि वाचणारा दोघेही शिकलेले लागतात. आणि जात्यावर बसलेल्या बाईच्या गळ्यांतली ओढ, किंवा पाळण्याच्या झोक्याबरोबर जरा लांबणारा स्वर, या गोष्टी चिन्हांत पकडणें जाणत्यालाही कठीण.

जात्याचा विषय निघाला म्हणून आमच्या शिर्डीचीच एक गोष्ट सांगतों. गोविंदराव दाभोळकरांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’चा पहिला अध्याय पुष्कळांनीं वाचलेला असेल. साईबाबा सकाळीं मशिदींत गहूं दळावयास बसतात, गांवच्या चौघी बाया पुढें होऊन त्यांच्या हातचा खुंटा घेतात, आणि दळतां दळतां बाबांच्या लीला गाऊं लागतात, असा तो प्रसंग आहे. त्यावरून दाभोळकरांना ग्रंथ लिहिण्याची स्फूर्ति झाली, आणि नऊ हजारांवर ओव्यांचा ग्रंथ झाला. ग्रंथ घरोघर आहे. पण त्या चौघींनीं काय गाइलें, कोणत्या स्वरांत गाइलें, तें आज कोणालाही सांगतां यावयाचें नाहीं. गाण्याचा उल्लेख उरला, गाणें उरलें नाहीं.

अशाच ओव्या वांचविण्याचा एक मोठा उद्योग महाराष्ट्रांत झाला आहे. पुण्याच्या हेमा राइरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइट्व्हाँ या दोघांनीं अनेक सहकाऱ्यांसह खेडोपाडीं हिंडून जात्यावरच्या एक लक्षाहून अधिक ओव्या जमविल्या. हजाराच्या वर गांवें आणि हजारों बाया! आरंभीं बहुतेक काम कागदावर शब्द उतरून घेण्याचें झालें. १९९० नंतरच्या दशकांत बर्नार्ड बेल यांची जोड मिळाल्यावर प्रत्यक्ष आवाज फितीवर घेण्याचें काम पद्धतशीर चाललें. तरी एकंदर संग्रहाच्या मानानें आवाज थोड्याच ओव्यांचा आहे. पुढें हा संग्रह ‘पारी’ या संस्थेकडे आला आणि २०१७ पासून तो लोकांपुढें येऊं लागला, तेव्हां कार्यकर्ते पुनः त्या गांवांत जाऊन ओव्या सांगणाऱ्या बायांना शोधूं लागले. कोणी भेटल्या, कोणी आधींच गेल्या होत्या. शब्द मागाहून तपासतां येतात, आवाजाला मात्र धन्याच्या आयुष्याची मुदत असते. म्हणून आपल्या घरापुरतें हें काम आपणच, आणि तेंही याच महिन्यांत, हातीं घ्यावें असें आमचें सांगणें आहे.

एके काळीं असें सांगणें हास्यास्पद ठरलें असतें. सन १९०२ मध्यें ग्रामोफोन कंपनीचे गैसबर्ग साहेब कलकत्त्यास आले आणि त्यांनीं या देशांतील गवयांच्या पहिल्या तबकड्या घेतल्या, तेव्हां गाणाराला भोंग्यांत तोंड घालून ओरडावें लागे, आणि तबकडी जेमतेम तीन मिनिटांत संपे. विजेवर चालणारा मायक्रोफोन या कामीं १९२५ च्या सुमारास आला. पुढें टेपरेकॉर्डर व कॅसेट घरांत आल्या, तरी त्या फिती ओलाव्यानें खराब होत आणि यंत्र बिघडलें कीं सगळेंच मुकें होई. आज मात्र घरांतील प्रत्येक शहाण्या माणसाच्या खिशांत मोबाइल फोन आहे, आणि त्यांतील इवलासा मायक्रोफोन त्या १९०२ च्या भोंग्यापेक्षां कितीतरी बारीक कानाचा आहे. खर्चाचा प्रश्न आरंभीं उद्भवतच नाहीं. दुकानांतील जाहिराती वाचून वीसपंचवीस हजारांचें सामान आणणारे आणि मग तें माळ्यावर टाकणारे तरुण आम्हीं पाहिले आहेत.

खरी महाग वस्तु म्हणजे शांतता. शिर्डीकरांना हें वेगळें सांगावयास नको. पहाटे काकड आरती, दुपारीं माध्यान्ह, सायंकाळीं धूपारती आणि रात्रीं शेजारती, गुरुवारीं पालखी, रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमी या उत्सवांत तर गांवांत आपला आवाज आपल्यालाच ऐकूं येत नाहीं. त्यांत रस्त्यावरील गाड्यांचे भोंगे, आणि २०१७ पासून काकडीच्या विमानतळावरून उठणारीं विमानें. तेव्हां शिर्डीच्या माणसानें आधीं दोनचार दिवस नुसतें कान देऊन बसावें आणि आपल्या घरापुरती निवांत वेळ कोणती तें टिपून ठेवावें. शेजारती होऊन गांव निजल्यावरचा तास बहुधा बरा. दुपारीं जेवणें उरकून घरांत सामसूम झाल्यावर दुसरी वेळ सांपडते. एकत्र कुटुंबांत मात्र कुटुंबप्रमुखानेंच सांगावें लागतें, कीं पाऊण तास कोणी कुकर लावूं नये, मिक्सर फिरवूं नये, आणि दारावरची घंटा बंद ठेवावी. पंखा बंद करावा. शीतकपाटाची घुरघुर एरवीं ऐकूं येत नाहीं, फोनला ती स्पष्ट ऐकूं येते. तेव्हां तें कपाट ज्या खोलींत नाहीं ती खोली निवडावी.

खोलीचें पाणी आवाजाला लागतें. जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या भिंती, वर मातीचें जाड छत, कोनाडे आणि उतरंडी असत. तेथें आवाज घुमत नसे. आतां स्लॅबचीं घरें आणि गुळगुळीत फरशा. अशा रिकाम्या दिवाणखान्यांत गाइलें म्हणजे भिंतीवरून उलटून आलेला आवाज मूळ आवाजावर पडतो आणि शब्द पुसट होतात. न्हाणीघरांत आपला गळा गोड वाटतो तो याच कारणानें. पण तो गोडवा मुद्रणांत व्यंजनें खाऊन टाकतो. यावरचा उपाय प्रत्येक घरांत घडी घालून ठेवलेला असतो. निजावयाची लहान खोली घ्यावी, जमिनीवर सतरंजी किंवा गादी घालावी, गाणाराच्या पाठीमागें दोरीवर दोन गोधड्या टांगाव्या, आणि लुगड्यांचें कपाट उघडून फोन त्याच्या तोंडाशीं ठेवावा. एवढ्यानें जो फरक पडतो तो ऐकून घरांतील मंडळी चकित होतात, असा आमचा अनुभव आहे.

फोन हातांत धरूं नये; बोटांची घसट ऐकूं येते. पुस्तकांच्या चळतीवर पातळ रुमाल घालून तो ठेवावा, आणि गाणाराच्या तोंडापासून सुमारें एक हात अंतर राखावें. जवळ आणल्यास ओष्ठ्य वर्णांचा उपद्रव होतो. प, फ, ब, भ उच्चारतांना ओठांतून वायूचा झोत सुटतो, आणि त्यांतले फ व भ तर महाप्राण. मायक्रोफोनवर त्या झोताचा धपका बसतो. शिक्षाग्रंथांनीं वर्णांचीं स्थानें सांगून ठेवलीं त्याचा हा एक नवा उपयोग! फोन तोंडाच्या सरळ रेषेंत न ठेवतां जरासा बाजूला, हनुवटीच्या उंचीवर ठेवावा, म्हणजे वारा पुढें निघून जातो आणि नाद तेवढा पोंचतो. श, ष, स यांची शीळही त्यामुळें कमी होते.

आतां फोनची एक खोड सांगितली पाहिजे, कारण ती न कळल्यामुळें पुष्कळांचा विरस होतो. फोन हा मूळचा बोलण्यासाठीं केलेला आहे. त्यामुळें हळू आवाज आपोआप मोठा करणें, मोठा आवाज दाबणें, आणि एकसारखा चालणारा नाद गोंगाट समजून पुसून टाकणें, हे संस्कार तो मालकाला न विचारतां करतो. बोलण्याला हें उपकारक, गाण्याला घातक. तंबोऱ्याचा अखंड षड्ज त्याला पंख्याच्या आवाजासारखाच वाटतो! परीक्षा सोपी आहे : दहा सेकंद एकाच जोरानें ‘सा’ लावावा आणि ऐकून पाहावा. मध्येंच तो क्षीण झाला किंवा थरथरला, तर फोनचें हें शहाणपण चालू आहे असें समजावें. मुद्रणाच्या अ‍ॅपमधील व्यवस्थेंत गोंगाट कमी करण्याची व आवाज आपोआप सांवरण्याची सोय बंद करावी. त्या अ‍ॅपमध्यें तसें करतां येत नसल्यास दुसरें विनामूल्य अ‍ॅप घ्यावें. फाइल ‘वेव्ह’ या जातीची निवडावी. तींत कांहींही गाळलें जात नाहीं. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट हें माप सीडीचें आहे, आणि घरच्या कामाला तें भरपूर होतें. एकपदरी मुद्रणाला मिनिटास पांच मेगाबाइटांच्या आसपास जागा लागते. आरंभ करण्यापूर्वीं फोन विमानांतल्याप्रमाणें बंद अवस्थेंत टाकावा. नाहींतर ऐन अंतऱ्यांत कोणाचा तरी फोन यावयाचाच.

आवाजाची पातळी दाखविणारी पट्टी पडद्यावर असते. सर्वांत चढा स्वर लावून पाहावा आणि पट्टी शेवटच्या टोकास टेकणार नाहीं, साधारण उणे सहा डेसिबेलांच्या अलीकडेच राहील, अशा बेतानें अंतर ठेवावें. टोकाला टेकलेला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज मागाहून शिवतां येत नाहीं. हळू घेतलेला वाढवितां येतो.

साथीविषयीं थोडें. पेटी आणि गाणारा एकाच फोनपुढें बसले तर पेटी जिंकते, हें ठरलेलें. पेटी चारपांच हात लांब ठेवावी आणि भाता हलका चालवावा. त्याहून बरी युक्ति अशी : तंबोऱ्याचें अ‍ॅप दुसऱ्या फोनवर लावून तें गाणाराच्या एका कानांत हेडफोननें द्यावें, आणि पहिल्या फोननें केवळ गळा घ्यावा. हेडफोन तारेचा असावा; बिनतारी हेडफोनांत आवाज किंचित् उशिरा पोंचतो, आणि टाळ, तबला किंवा आधीं घेतलेल्या आवाजाबरोबर गावयाचें असल्यास ताल निसटतो. मागून संगणकावर तंबोरा वेगळ्या पदरानें खालीं घालतां येतो. मात्र सत्तरी उलटलेल्या बाईंच्या कानांत हें कांहीं खुपसूं नये. त्यांना आपल्या पट्टींत, आपल्या लयींत, पाहिजे तर भाजी निवडतांना गाऊं द्यावें.

संगणकाच्या कामासाठीं ‘ऑडॅसिटी’ ही प्रणाली पैसे न देतां मिळते. २००० सालापासून ती लोक वापरीत आले आहेत. आरंभीचा खोकला कापणें, दोन पदर एकावर एक बसविणें, पातळी सारखी करणें, इतकें तिच्यांत दोनतीन संध्याकाळीं शिकतां येतें, आणि घरांतील महाविद्यालयांत जाणारें नातवंड तें एका तासांत शिकतें. गाणें सुरू होण्याआधीं दहा सेकंद कोणीही न बोलतां खोलीचा नुसता सन्नाटा मुद्रित करून ठेवावा. त्या नमुन्यावरून मागचा गोंगाट पुसण्याची सोय तींत आहे. ती चिमटीनें वापरावी. अति धुतलेला आवाज पत्र्याच्या डब्यांतून आल्यासारखा लागतो. बांगड्यांची किणकिण राहिली तर राहूं द्यावी. आम्हांला ती आवडते. स्वर आपोआप शुद्ध करणारीं साधनेंही निघालीं आहेत, त्यांच्या वाटेस घरच्या गाण्यानें जाऊं नये. तीं साधनें वापरल्यास बाईच्या गळ्यांतला मुरका आणि स्वरावरून स्वरावर जाणारी मींड कापली जाऊन पायऱ्या तेवढ्या उरतात, आणि ज्या चालीसाठीं हा खटाटोप तीच हातची जाते.

मायक्रोफोन विकत घ्यावा काय, असें विचारणारांना आमचें उत्तर असें, कीं आधीं दहा गाणीं फोनवर घ्यावीं. मग हौस टिकली तर गळपट्टीला लावावयाचा तारेचा माइक हजार रुपयांच्या आंत मिळतो. संगणकाला जोडावयाचा बरा माइक कांहीं हजारांत येतो. याच्या पुढील खर्च गोधड्या टांगून पाहिल्याशिवाय करूं नये.

मुद्रणाच्या आरंभीं गाणारानें किंवा मुद्रण करणारानें चार वाक्यें स्पष्ट बोलावीं : नांव, माहेर-सासर, तिथि व तारीख, पद कोणीं रचलें, चाल कोणाकडून शिकली, पेटीची पट्टी कोणती, काळी चार कीं पांढरी एक. हें पाल्हाळ नव्हे. गौहरजान यांच्या जुन्या तबकड्यांत गाणें संपतांच त्या इंग्रजींत आपलें नांव मोठ्यानें सांगतात. कारण त्या तबकड्या पुढें जर्मनींत हॅनोव्हरला तयार होत, आणि तेथील कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हें त्यावरून कळे. कंपनीची सोय म्हणून केलेल्या त्या उच्चारामुळें आज सव्वाशें वर्षांनींही गाणारी कोण याविषयीं संशय राहत नाहीं. आपल्या घरांत पन्नास वर्षांनीं ऐकणारे नातू त्या जर्मन कारागिरांइतकेच अनोळखी असतील.

घरांत जुन्या कॅसेट असल्यास त्या आधीं काढाव्या. फीत पांढुरकी पडली किंवा चिकटली असेल तर यंत्रांत घालूं नये, जाणत्यास दाखवावी; चांगली असेल तर कॅसेटयंत्राच्या हेडफोनच्या भोंकापासून तार नेऊन ती संगणकाच्या ध्वनि घेणाऱ्या खोबणींत जोडावी आणि ऑडॅसिटींत उतरवून घ्यावी. एकदां लावलेली जुनी फीत दुसऱ्यांदा लागेलच असें नाहीं, म्हणून पहिल्याच फेरीस मुद्रण चालू ठेवावें.

एक कायद्याची गोष्ट. शब्द आपले, चाल आपली, गळा आपला, तर तें गाणें खुशाल जगापुढें मांडावें. परंतु घरचें पद एखाद्या चित्रपटगीताच्या चालीवर असेल, तर तें घरांत म्हणण्यास कोणाची हरकत नसली तरी प्रसिद्ध करतांना ती चाल दुसऱ्याची आहे हें ध्यानांत ठेवावें. १९५७ च्या कायद्याप्रमाणें रचनाकाराच्या हयातींत आणि त्यानंतर साठ वर्षें तिच्यावर हक्क असतो. आणि गाणारणीला विचारल्यावांचून तिचा आवाज कोठेंही पाठवूं नये, मग ती आपली सख्खी आजी कां असेना.

व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप म्हणून गाणें पाठविलें तर तें पिळून लहान केलें जातें. परगांवच्या लेकीला पाठवावयाचें असल्यास ‘दस्तऐवज’ म्हणून मूळ फाइल पाठवावी. मूळ मुद्रण तीन ठिकाणीं असावें : एक घरच्या संगणकांत, एक पेन ड्राइव्हवर, आणि एक दुसऱ्या गांवीं, पुण्यास किंवा परदेशीं असलेल्या मुलाकडे. सोळा गीगाबाइटांच्या पेन ड्राइव्हवर सुमारें पन्नास तासांचें एकपदरी गाणें मावतें. कोणत्याही कुटुंबाच्या मंगलाष्टकांना आणि पाळण्यांना ती जागा पुरून उरावी. प्रत्येक फाइलीस अनुक्रमांक द्यावा, आणि वहींत त्या पदाच्या माथ्यावर जेथें ‘चाल’ लिहितात तेथें तो अनुक्रमांक शाईनें लिहावा. पेन ड्राइव्ह कपाटांत वर्षानुवर्षें नुसता पडून राहिला तर त्यांतील मजकूर जाण्याचा संभव असतो. दर दिवाळींत तो काढून चारदोन गाणीं लावून पाहावीं, आणि पांचसात वर्षांनीं सगळें नव्यावर उतरवून घ्यावें.